तोरणाखाली जीप

“जगदेव, यंदा मान तुह्या जीपचा,” ओट्यावर टेकता टेकता देवमनबुवा म्हणाले. “सकाळपासून घरोघर इचारून आलो. कोनाची ना नाई. तोरनाखाली पयली तुही गाडी, मंग बाकीच्या जोड्या.”

जगदेव अंगणातल्या नळावर हात धूत होता. त्यानं वळून पाहिलं नाही.

पोळा उद्यावर आला होता. इंझोरीत पोळ्याचा मान चार पिढ्यांपासून देवमनबुवांच्या घरचा. या मानापायी गावोगाव भावाभावांत बोलणी बंद होतात, काठ्या निघतात, आणि हा ऐंशीचा म्हातारा आपला मान उचलून एका गाडीला द्यायला उन्हातून चालत आला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं बुवांचे पाय धरले असते. जगदेवनं नळ बंद केला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, “जीप तं इकली, आबाजी.”

बुवांनी तोंड उघडायच्या आत घरातून आवाज आला.

“कोनं इकली?”

आवाज कस्तुराबाईचा, जगदेवच्या बायकोचा. मागच्या दिवाळीच्या आधीपासून ती आतल्या खोलीत खाटेवर होती. कमरेखालचं अंग कामातून गेलं होतं. कान मात्र असे तल्लख झाले होते की गल्लीत कुणाची शेळी व्याली तरी ओट्यावर बसलेल्या जगदेवच्या आधी तिला कळायचं.

जगदेवनं आवाज खाली आणून सांगितलं, की कारंज्याचा अंकित आहे ना, ज्ञानचंदशेठचा नातू, तो परवा येऊन गाडी घेऊन जाणार आहे. बोलणं पक्कं झालं. देवमनबुवा काही वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. ज्या गाडीनं बायकोचा जीव वाचवला ती हा विकून राहिला, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी ते उठले. परवा नेणार ना, मग उद्या तर गाडी तुझ्याच दारात आहे, उद्या घेऊन ये, असं बजावून ते निघाले. घरातून पुन्हा आवाज आला नाही. जगदेवला त्याचीच जास्त भीती वाटली.

ही जीप जगदेवनं अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्ञानचंदशेठकडून घेतली होती. शेठचा कारंज्यात तुरीचा व्यापार. जीप त्यांची लाडकी, पण एकदा ते घरच्यांना घेऊन शिरपूरला दर्शनाला गेले, आणि परत आल्यावर त्यांच्या पत्नी गुलाबबाई चार दिवस गादीवरून उठल्या नाहीत. पाचव्या दिवशी उठल्या त्या एवढंच सांगायला, की या घरात एकतर ती गाडी राहील नाहीतर मी. शेठ शहाणे होते. किल्ली हातात देताना ते जगदेवला म्हणाले होते, की या गाडीत बसणारा मोडेल, गाडी मोडणार नाही. जगदेवनं हे वाक्य सव्वीस-सत्तावीस वर्षं मिरवलं. लग्नात, बाजारात, चहाच्या टपरीवर, ऐकणारा मिळाला की पुरे. गेल्या वर्षभरात मात्र त्याच्या तोंडून ते कुणी ऐकलं नव्हतं.

गाडीच्या बाबतीत जगदेव आंधळा होता म्हटलं तरी चालेल. ती कधी बंद पडलीच नाही असं नाही. पण बंद पडली तर डिझेल खराब, रस्ता खराब, नाहीतर आपलीच चूक. गाडीची चूक कधी नाही. कारंज्याचा मिस्त्री किसनसिंग याला ही गोष्ट ठाऊक होती, म्हणून तो आधी डिझेलला शिव्या द्यायचा आणि मग बॉनेट उघडायचा. कुणाच्या दारात नवी गाडी दिसली की जगदेव जवळ जाऊन तिच्या पत्र्यावर बोटाचं पेर ठोकून बघायचा, कान देऊन आवाज ऐकायचा आणि काही न बोलता मान हलवायचा. एका लग्नात नवरदेवाचा बाप यावरून रुसून बसला होता. मुलगा ऋषिकेश पुण्याहून पहिली गाडी घेऊन आला, तेव्हाही यानं पत्रा ठोकला आणि म्हणाला, डबा बरा आहे. पोरगं दोन दिवस बापाशी बोललं नाही.

पोळ्यात जीप नेण्याचं खूळ मात्र त्याचं नव्हतं. ते कस्तुराबाईचं. दहा वर्षांपूर्वी शेवटची बैलजोडी गेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते, उद्याच्या जेवणाचं आवतण देत होते, आणि जगदेव रिकाम्या गोठ्याकडे पाठ करून बसला होता. कस्तुराबाई वाटीत तूप-हळद आणि पळसाची पानं घेऊन बाहेर आली, सरळ कडुलिंबाखाली उभ्या जीपकडे गेली आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पानानं तूप चोळायला लागली. “सालभर वझं तं यानंच ओढलं,” ती म्हणाली, “याचे खांदे नाई दुखत काय?” तिनं वाकून जीपला आवतणही दिलं. जगदेव हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खरोखरच गाडी पोळ्यात नेली. पहिल्या वर्षी देवमनबुवांनी काठी उगारली. दुसऱ्या वर्षी रांगेच्या अगदी शेवटी उभी कर म्हणाले. पुढे गावालाच तिची सवय झाली. परत आल्यावर दारात कस्तुराबाई बैलांचे पाय धुवावेत तशी चारी चाकांवर पाणी घालायची आणि कुंकू लावायची.

आणि मग गेल्या वर्षीचा आश्विन महिना आला.

सोयाबीन निघालं होतं. कस्तुराबाई वावरातल्या गोठ्याच्या टिनांवर चढलेल्या वेलाचे दोडके तोडायला शिडीवर चढली. शिडी सरकली आणि ती पाठीवर पडली, थेट दगडी गव्हाणीच्या काठावर. शुद्धीत होती. कंबर गेली वाटते, एवढं बोलली. शेजारच्या वावरात गोमतीबाई होती. तिनं धावत येऊन आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. त्यांनी सांगितलं, बाईंना आहे तसं राहू द्या, उचलू नका, चाळीस मिनिटांत पोचतो.

चाळीस मिनिटं हा आकडा जगदेवनं ऐकला आणि त्याचा विश्वास बसेना. जीप गोठ्याशी उभी असताना चाळीस मिनिटं वाट बघायची? तेवढ्यात आपण कारंजा गाठतो. गोमतीबाई नको नको म्हणत होती. त्यानं बगलेत हात घातले, गोमतीबाईला पाय धरायला लावले आणि कस्तुराबाईला मागच्या दोन बाकांच्या मधे, खाली पत्र्यावर निजवलं. वावरातून सडकेवर जायला दोन वाटा. एक कालव्याच्या काठानं, सपाट, पण सहा किलोमीटर जास्तीची. दुसरी सरळ नाल्यातून. पावसाळ्यानं नाल्यात धोंडे आणून टाकले होते. पण ही गाडी त्या नाल्यात कधी अडली नव्हती, पुरातसुद्धा नाही. जगदेवनं चारी चाकांना ओढ देणारा गिअर टाकला आणि गाडी नाल्यात घातली.

बावीस मिनिटांत तो कारंज्याच्या दवाखान्याच्या दारात होता. गाडीचा एक नट ढिला झाला नव्हता. गावानं ही बावीस मिनिटं उचलून धरली. दहा दिवसांत ती अठरा झाली, दिवाळीपर्यंत पंधरा. जीप नसती तर जगदेवची बायको गेली असती, असं जो तो म्हणायला लागला.

पुढचं गावाला माहीत नव्हतं. कारंज्याहून तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरनं जगदेवला एकट्याला खोलीत बोलावलं आणि पेशंटला कशातून आणलं ते विचारलं. जीपमधून, असं त्यानं सांगितलं, थोडं छाती काढूनच. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं कागदावर मणके काढून दाखवले. एक मणका मोडला होता, पण पडल्या पडल्या आतल्या दोरीला इजा झाली असेलच असं नाही. फळीवर सरळ निजवून, अजिबात न हलवता आणलं असतं तर कदाचित पाय राहिले असते. आता नक्की कुणालाच सांगता येणार नाही, असंही तो म्हणाला. पंधरा दिवसांनी गावी आल्यावर गोमतीबाईनं बोलता बोलता सांगितलं, की तुम्ही गेल्यावर ॲम्ब्युलन्स आली होती हो, सांगितल्या वेळेला, आणि रिकामी परत गेली.

अकरा महिने जगदेव त्या एका ‘कदाचित’मध्ये राहत होता. सकाळी उठला की तो स्वतःला सांगायचा, पडतानाच पाय गेले असतील, गव्हाणीचा दगड काय साधा होता? दुपारपर्यंत हे पटायचं. संध्याकाळी कस्तुराबाईचं अंग पुसताना, तिचे पाय एकेक उचलून बाजूला ठेवताना पटायचं नाही. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही, ना मुलाला ना तिला. जीपमध्ये बसणंही त्यानं बंद केलं. बाजाराला एसटीनं जायला लागला. लोक म्हणाले, बायको पडली तशी बिचाऱ्याची हौसच मेली.

आणि इकडे कस्तुराबाई येईल त्याला जीपची गोष्ट सांगायची. भेटायला आलेली नात्यातली बाई असो की गोळ्या द्यायला येणारी नर्स. कशी गाडी नाल्यात घातली, कशी धोंड्यांवरून उडाली, कसा जीव वाचला. गोष्ट सुरू झाली की जगदेव हातातला चहाचा पेला घेऊन बाहेर जायचा. गेल्या आठवड्यात त्यानं स्वतःच अंकितला फोन केला. अंकित आणि त्याचे मित्र जुन्या जीप घेऊन रविवारी माळरानं, चिखल तुडवत फिरायचे. आजोबांची गाडी आपल्याला मिळावी म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता, आणि घरातलं माणूस कुणी विकतं का, म्हणून जगदेवनं त्याला तीनदा परत पाठवलं होतं. आता याचाच फोन आला म्हटल्यावर पोरगं इतकं खूश झालं, की व्यापाऱ्याचं पोर असून घासाघीस करायची विसरलं.

देवमनबुवा गेल्यानंतर कस्तुराबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी जेवली नाही. दिवेलागणीच्या आधी गोमतीबाई तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पानं ठेवून गेली. बाहेर शेजारच्या बैलांच्या घागरमाळा वाजत होत्या, कुणी तरी त्यांना गरम पाण्यानं शेकत होतं. जगदेव आत आला तशी कस्तुराबाईनं वाटीकडे बोट केलं.

“आदी त्याले तूप लावा.”

आता काय लावायचं, ती गेली समज, असं जगदेव म्हणाला. मग तिनं न विचारताच कारणं सांगत सुटला. जुने पार्ट मिळत नाहीत. किसनसिंग म्हातारा झाला, त्याला दिसत नाही. डिझेल परवडत नाही. आपल्याला आता जायचं तरी कुठं असतं. कस्तुराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“किसनसिंग सोमवारी आलता,” ती म्हणाली. “तो मनला, इंजीन अजून धा वर्सं मरत नाई. खरं काय ते सांगा.”

जगदेव खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. बसल्यावर त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चादरीखालचे पाय दिसत होते. मग त्यानं सांगितलं.

“अकोल्याचा डाक्टर मनला होता. तुले तसंच पडू देलं असतं, फळीवर नेलं असतं, तं पाय राह्यले असते. कदाचित. नाल्यातून न्याले नोतं पायजे वं. मीच नेलं. गाडीच्या भरवशावर नेलं.”

त्याला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल. अकरा महिने तो मनात तिच्या शिव्या ऐकत आला होता. कस्तुराबाईनं मांडीवरची चादर सारखी केली.

“कदाचित मनला?”

“हो. नक्की कोनालेच सांगता येत नाई मनला.”

“मले येते,” कस्तुराबाई म्हणाली.

तिचं बोलणं शांत होतं. रोजची जीपची गोष्ट ती ज्या सुरात सांगायची, तो सूर यात नव्हता.

“तुमी मले गाडीत निजवलं तवा माहे पाय समोर होते, गिअरच्या डांड्यापाशी. तथचं टीन लय तापते. टाचेले चटके बसून राह्यले होते. मी मनत होती, पाय थोडे सरकवा मनून. तुमाले गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाई. मंग नाल्यात गाडी दोनदा आदळली. अन् चटके बंद झाले. मले वाटलं, बरं झालं बाप्पा, टीन थंडं पडलं.”

गेले अकरा महिने जगदेव ज्या एका शब्दाच्या आडोशाला उभा होता, तो शब्द तिनं सहज काढून घेतला होता. नाल्यातले ते दोन दणके त्याच्याही लक्षात होते. दुसऱ्या दणक्यानंतर गाडी चढणीला लागली, तेव्हा आपण स्टेअरिंगवर शाबासकीची थाप मारली होती, हेही त्याला आठवलं.

त्यानं विचारलं, की मग सगळ्यांना गाडीनं वाचवलं म्हणून कशाला सांगत होतीस.

“मंग काय सांगू? नवऱ्यानं पाय घेतले मनू? गाडीचं नाव घेतलं तं लोकं गाडीकडं पाह्यतात, तुमच्याकडं नाई पाह्यत.”

“मले तरी सांगाचं होतं.”

“तुमी कवा सांगता ते पाहत होती,” ती म्हणाली.

जगदेव रडला. चादरीत तोंड घालून, खांदे हलेपर्यंत रडला. कस्तुराबाईचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता आणि तिनं तो पुढेही केला नाही. रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, की म्हणूनच विकतो. दारात ती दिसली की जीव नको होतो. परवा एकदाची गेली म्हणजे बरं.

“तुमी गाडी इकून मोकळे व्हान,” कस्तुराबाई म्हणाली. “मी हे पाय कोनाले इकू?”

ती रागानं बोलली नाही. दूध तापवलं का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिनं हे विचारलं. मग तीच पुढे म्हणाली, की राहू द्या तिला दारात. उद्या पोळ्यातही न्या. देवमन मामाजी या वयात दारोदार फिरून आले, त्यांचा शब्द खाली पडू देऊ नका.

जगदेवनं वाटी उचलली. बाहेर उजेड अजून थोडा होता. वर्षभराच्या धुळीनं बॉनेटचा रंग कळत नव्हता. त्यानं धोतराच्या सोग्यानं दोन्ही बाजू पुसल्या, पळसाचं पान तुपात बुडवलं आणि चोळायला लागला. तूप लावून झालं, पण आवतणाचे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. तेव्हा आतून, खाटेवरून, कस्तुराबाईनं खणखणीत आवाजात जीपला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं.

सकाळी त्यानं अंकितला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पोरगं हिरमुसलं, पण विचार बदलला तर आधी मला सांगा काका, एवढंच म्हणालं.

चार वाजता जीप तोरणाखाली उभी राहिली. बॉनेटवर झूल, दिव्यांना बेगड, बंपरला झेंडूचा हार. मागे गावातल्या उरल्यासुरल्या बावीस जोड्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, म्हणून झाल्या आणि देवमनबुवा पुढे आले. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, जगदेवच्या कपाळाला लावलं, आणि जमलेल्यांना ती नाल्याची गोष्ट सांगायला लागले. यंदा ती बारा मिनिटांवर आली होती. जगदेव ऐकत होता. पळून जावं असं त्याला वाटत होतं, पण रांगेत पहिला असलेल्याला पळून जाता येत नाही.

बुवा थांबले तसा तो म्हणाला, “आबाजी, गाडीनं कोनाले वाचवलं नाई. मी नाल्यातून न्याले नोतं पायजे. माही चूक झाली.”

जवळच्या दहा-बारा जणांनी हे ऐकलं. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांकडे वळून कौतुकानं म्हणाले, “पाहा, मोठेपना घेत नाई.” लोकांनी माना हलवल्या. जगदेव पुन्हा बोलणार तोच वाजंत्री सुरू झाली, तोरण तुटलं, पोळा फुटला आणि मागचे बैल घराच्या ओढीनं दोन्ही बाजूंनी पुढे निघाले. त्याचं म्हणणं त्यात कुठल्या कुठे गेलं. ते परत ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

त्यानं जीप पहिल्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं घरी आणली. दारात गोमतीबाई आरतीचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती चाकांवर पाणी घालणार तेवढ्यात कस्तुराबाईनं आतून हाक मारली, की थांब, मला बाहेर न्यायला सांग.

ऋषिकेशनं पुण्याहून चाकांची खुर्ची पाठवली होती, पण या घराचा उंबरठा वीतभर उंच आणि पुढे दोन पायऱ्या. जगदेव आत गेला. त्यानं एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं. ती पूर्वीपेक्षा फार हलकी झाली होती. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला. तो एकेक पाऊल बघून टाकत होता, मधल्या खोलीत दोनदा थांबला. दाराशी आडवं वळावं लागतं. वळताना तिची डावी टाच चौकटीच्या कोयंड्याला घासली. बोटभर कातडी सोलली आणि रक्ताचा बारीक ठिपका वर आला. कस्तुराबाई बाहेर, हार घातलेल्या जीपकडे पाहत होती.

जगदेव थांबला, म्हणून तिनं त्याच्याकडे बघितलं.

“तुही टाच घासली वं,” तो म्हणाला.

“लागलं काय?” तिनं विचारलं.

त्यानं वाकून नीट पाहिलं.

“हो,” तो म्हणाला. “थोडं लागलं.”

कस्तुराबाईनं मान हलवली आणि कुंकवाच्या ताटासाठी हात पुढे केला.